दोन तक्रारी, एक पॅकेज

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

“डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझे वय ४३ आहे. मी ठाण्यात कासारवडवलीला राहते आणि ऐरोलीला एका कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी करते. मुलगी १६ वर्षांची आणि मुलगा १२ वर्षांचा आहे. दुसरे बाळंतपण सिझेरियनने झाले. दीड वर्षात आहार सांभाळून आणि रोज चालून मी वजन ८४ किलोंवरून ६३ वर आणले (उंची ५ फूट २ इंच), पण पोटाची कातडी आता सैल लोंबते आणि सिझेरियनच्या व्रणावर तिची घडी पडते. स्तन लग्नाआधीपासूनच जड आहेत. त्यामुळे मान आणि खांदे दुखतात, उन्हाळ्यात स्तनांखाली लाल चट्टे उठतात. एका क्लिनिकमध्ये चौकशी केली, तेव्हा तिथल्या समुपदेशक बाईंनी स्तन लहान करणे, टमी टक (पोटाची सैल कातडी कापून काढणे) आणि मांड्या व दंडांचे लायपोसक्शन (चरबी ओढून काढणे) असे तिन्ही मिळून एकाच दिवसाचे पॅकेज सांगितले. सर्जन पैसे भरल्यानंतर भेटतील, महिनाअखेरपर्यंत अनामत भरल्यास सवलत मिळेल आणि बाराव्या दिवशी कामावर जाता येईल, असेही त्या म्हणाल्या. डिसेंबरच्या शेवटी भाच्याचे लग्न आहे, त्याआधी हे उरकावे असे वाटते. हे सगळे एकदम करणे सुरक्षित आहे का? व्रण किती दिसतात? काढलेली चरबी परत येते का? पुढे कर्करोगाची भीती असते का? मेडिक्लेम मिळतो का? माझ्या धाकट्या बहिणीला स्तनांत इम्प्लांट (सिलिकॉनची पिशवी) बसवून घ्यायचे आहे, तिच्यासाठीही विचारते. सासूबाईंचे म्हणणे असे, की बाळंतपणानंतर पोट नीट बांधले असते तर ही वेळ आली नसती. त्यांना हर्नियाचे ऑपरेशन आहे असे सांगायचे मी आणि यजमानांनी ठरवले आहे.”

सप्रेम नमस्कार.

महिना संपायला फारसे दिवस उरलेले नाहीत, म्हणून सविस्तर उत्तराआधी एक गोष्ट सांगून टाकते: अनामत भरू नका. शस्त्रक्रियाच करू नका, असा याचा अर्थ नाही. उलट, तुमचे पत्र वाचल्यावर माझे मत असे झाले आहे, की त्यांतली एक शस्त्रक्रिया तुम्ही काही वर्षांपूर्वीच करून घेतली असती तर बरे झाले असते. परंतु जिथे रुग्णाला तपासण्याआधी पैसे घेतले जातात आणि सर्जनचे दर्शन पावती फाडल्यानंतर होते, तिथे तुमच्या शरीराला काय हवे याचा विचार अजून कोणीच केलेला नाही, एवढे नक्की समजा.

तुमच्या पत्रात दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि त्या एका पिशवीत भरल्यामुळे तुमचा गोंधळ झाला आहे. स्तनांचा भार हे दुखणे आहे. पोटाची सैल कातडी ही वजन घटवण्याच्या कष्टांतून मागे राहिलेली गोष्ट आहे. ती त्रासदायक आहे, पण दुखण्याच्या रांगेत तिचा नंबर नंतरचा. मांड्या आणि दंड यांच्याविषयी मात्र तुम्ही दोन पानांत एका शब्दानेही कुरकुर केलेली नाही. ती कुरकुर तुमच्या वतीने पॅकेजने केली आहे. ती आपण इथेच सोडून देऊ.

आधी स्तनांविषयी. वर्षानुवर्षे जड स्तन वागवणाऱ्या स्त्रीच्या खांद्यांवर अंतर्वस्त्राच्या पट्ट्यांच्या खाचा पडलेल्या असतात, ती नकळत पुढे वाकून चालते, मानेसाठी मलम आणि शेक चालू असतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडच्या दमट हवेत स्तनांखालच्या घडीत घाम साचून गजकर्णासारखे चट्टे येतात. शस्त्रक्रियेत दोन्ही बाजूंची जादा त्वचा, चरबी आणि ग्रंथींचा काही भाग काढून उरलेल्या स्तनाला वर उचलून आकार दिला जातो. स्तनाग्र बहुधा त्याच्या रक्तपुरवठ्यासह जागेवरून वर सरकवले जाते. एकेका बाजूने काहीशे ग्रॅम ऊती निघणे नेहमीचे आहे. मानेचा आणि खांद्यांचा भार हलका झाल्याचे रुग्ण पहिल्या काही दिवसांतच सांगतात, टाके निघायच्याही आधी. म्हणून प्लास्टिक सर्जरी या माझ्या शाखेतल्या सर्वांत समाधान देणाऱ्या शस्त्रक्रियांमध्ये मी हिची गणना करते.

तिची किंमतही शरीराला मोजावी लागते आणि ती आधीच समजून घ्यायला हवी. व्रण स्तनाग्राभोवती गोल, तिथून सरळ खाली आणि स्तनाखालच्या घडीत आडवा असा साधारण जहाजाच्या नांगराच्या आकाराचा असतो. ब्लाउजबाहेर तो दिसत नाही, पण आरशात दिसतो. पहिले काही महिने लालसर आणि जाड असतो आणि फिका पडायला वर्ष-दीड वर्ष लागते. आपल्या सावळ्या त्वचेत व्रण काळसर राहण्याची किंवा उंचावण्याची प्रवृत्ती अधिक असते. कान टोचलेल्या जागी किंवा लसीच्या जागी तुम्हाला गाठीसारखा व्रण आला असेल, तर पहिल्याच भेटीत ते सर्जनना दाखवा. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, क्वचित कायमची जाते. या शस्त्रक्रियेनंतर स्तनपान पूर्वीसारखे जमेलच असे नाही. तुमच्या बाबतीत हा प्रश्न उरलेला नाही, पण हे उत्तर वाचणाऱ्या तरुण मुलींसाठी लिहून ठेवते. शिवाय दोन्ही स्तन तंतोतंत सारखे होतील असे वचन कोणी देत असेल, तर त्यांनी निसर्गालाही मागे टाकले आहे.

कर्करोगाच्या भीतीला सरळ उत्तर आहे: स्तन लहान केल्याने कर्करोगाचा धोका वाढत नाही. तुमचे वय चाळीशीच्या पुढे आहे, म्हणून शस्त्रक्रियेआधी मॅमोग्राफी (स्तनांची एक्स-रे तपासणी) झालीच पाहिजे, गरज वाटल्यास जोडीला सोनोग्राफीही. काढलेल्या ऊती दोन वेगळ्या, डावे-उजवे लिहिलेल्या बरण्यांतून तपासणीसाठी प्रयोगशाळेत गेल्या पाहिजेत आणि तो अहवाल तुमच्या फाइलमध्ये आला पाहिजे, कारण बाहेरून काहीच न जाणवणारी गाठ क्वचित या तपासणीतच सापडते. शस्त्रक्रियेनंतर आत व्रण तयार होतात आणि ते मॅमोग्राफीत वेगळे दिसतात. त्यामुळे साधारण सहा महिने ते वर्षभराने नवी मॅमोग्राफी काढून ठेवावी, म्हणजे पुढच्या प्रत्येक तपासणीला तुलनेसाठी आधार मिळतो.

आता पोट. लायपोसक्शन आणि टमी टक यांतला फरक कळला, की तुमचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतील. लायपोसक्शनमध्ये मिठाचे पाणी, भूल देणारे लिग्नोकेन आणि रक्तवाहिन्या आकुंचित करणारे ॲड्रिनलीन यांचे मिश्रण चरबीच्या थरात भरून बारीक नळीने चरबी ओढून घेतात. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८० च्या दशकात ही भरण्याची पद्धत रूढ केली, आणि त्यामुळे पूर्वी होणारा रक्तस्राव पुष्कळ कमी झाला. पण नळीने फक्त चरबी निघते, कातडी निघत नाही. उशीतला कापूस काढला तर अभ्रा ढिला पडतो. तुमच्या पोटाचा अभ्रा आधीच ढिला आहे. म्हणून तिथे नुसते लायपोसक्शन केले तर आहे त्याहून अधिक लोंबेल. चरबी गोठवण्याची जी यंत्रे हल्ली दाखवली जातात, त्यांचेही असेच आहे. घट्ट त्वचेखालचा लहानसा फुगवटा ती थोडा कमी करतात, सैल कातडीपुढे त्यांचे काही चालत नाही.

चरबी परत येते का, असे तुम्ही विचारले आहे. काढलेल्या पेशी परत येत नाहीत, पण उरलेल्या पेशी फुगू शकतात. वजन पुन्हा वाढले तर तेही वाढलेले दिसते, कधी कधी भलत्याच जागी. म्हणून कोणत्याही आकार सुधारण्याच्या शस्त्रक्रियेआधी वजन निदान सहा महिने स्थिर असावे असा आमचा आग्रह असतो. तुमचे वजन ६३ वर येऊन किती दिवस झाले हे पत्रात नाही. तारीख आठवून पाहा. आणि वजन कमी करण्याची आठवड्याची इंजेक्शने तुम्ही घेतली असतील किंवा घेत असाल, तर ते भूलतज्ज्ञांना सांगायला विसरू नका, कारण त्यांच्यामुळे पोट उशिरा रिकामे होते आणि उपाशी राहूनही जठरात अन्न राहू शकते.

आता सासूबाईंचे म्हणणे. घरी एक छोटी तपासणी करता येते. जमिनीवर सतरंजी टाकून उताणे झोपा, गुडघे दुमडा, बोटे बेंबीच्या जरा वर आडवी ठेवा आणि हनुवटी छातीकडे आणत डोके किंचित उचला. पोटाच्या मधोमध दोन उभे स्नायू ताठ होतात; त्यांच्यामधल्या फटीत तुमची दोनहून अधिक बोटे शिरत असतील, तर गरोदरपणात ते स्नायू एकमेकांपासून दूर गेले आणि परत जवळ आले नाहीत, असे समजावे. बाळंतपणानंतर जुन्या लुगड्याने पोट बांधल्याने कमरेला आधार मिळतो आणि बाईला बरे वाटते, पण दूर गेलेले स्नायू किंवा ताणून फाटलेली त्वचा बांधल्याने पूर्वपदावर येते असे नाही. तेव्हा यात ना तुमची हयगय आहे, ना सासूबाईंची. ही फट कमी असेल तर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने फरक पडतो. बेंबीपाशी खोकताना फुगवटा येत असेल तर मात्र सर्जनना दाखवा, कारण तो खरोखरच हर्निया असू शकतो. आणि मग घरी सांगायची गोष्ट आयतीच खरी ठरेल!

टमी टकमध्ये ओटीपोटावर एका बाजूच्या हाडापासून दुसऱ्या बाजूच्या हाडापर्यंत आडवा छेद घेऊन कातडी बरगडीपर्यंत सोडवतात, मधले स्नायू टाक्यांनी जवळ आणतात, कातडी खाली ओढून जादा भाग कापून टाकतात आणि बेंबी जागच्या जागी ठेवून तिच्यासाठी नव्या कातडीत खिडकी करतात. सिझेरियनचा तुमचा व्रण आडवा असेल तर तो बहुतेक काढल्या जाणाऱ्या भागातच जाईल. बेंबीखालचा पट्टा कित्येक महिने बधिर राहतो, आणि थोडा बधिरपणा कायमचा राहिला तरी त्यात नवल नाही.

व्रण कुठे येईल हे टेबलावर झोपवून ठरत नाही. रुग्णाला उभे करून, मार्कर पेनाने रेघ आखून ठरते. मी माझ्या रुग्णांना त्या दिवशी नेहमीच्या वापरातला परकर घेऊन यायला सांगते. त्या तो घालतात, नाडी जिथे रोज बांधतात तिथेच आवळून बांधतात, आणि मी नाडीखाली रेघ मारते. प्रत्येक बाईची नाडी वेगळ्या उंचीवर असते. कोणी बेंबीवर बांधते, कोणी चार बोटे खाली. रेघ नाडीवर आली तर पुढे जन्मभर नाडी व्रणावर घासते आणि पाच-सहा तास साडी नेसून बसले की तिथे चुणचुणते. पहिल्यांदा हे मला एका रुग्णानेच शिकवले. तिचा व्रण माझ्या दृष्टीने सुरेख जागी होता, पण तिच्या नाडीच्या दृष्टीने चुकलेला होता, आणि टाके निघून सहा महिने झाल्यावर तिने ते मला ऐकवले. त्यानंतर परकराशिवाय मी रेघ मारलेली नाही.

सगळे एकदम करावे का, हा तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. निरोगी स्त्रीमध्ये स्तनांची आणि पोटाची शस्त्रक्रिया एकाच भुलीत करणारे चांगले सर्जन आहेत आणि ते चूक करतात असे मी म्हणणार नाही. पण शस्त्रक्रियेचे तास वाढत गेले की धोका वाढत जातो: शरीर थंड पडते, रक्तस्राव वाढतो, आणि पायातल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता वाढते. अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते, आणि सौंदर्यशस्त्रक्रियांमध्ये हा धोका टमी टकमध्ये विशेष असतो, कारण पोट आवळलेले असते आणि रुग्ण वाकून, कमी चालतो. त्यात चार अवयवांचे लायपोसक्शन जोडले तर हिशेब आणखी बिघडतो. लायपोसक्शनमध्ये एकूण ५ लिटरपर्यंत द्रव काढणे ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते, आणि त्याहून अधिक काढायचे असल्यास रुग्णालयात रात्रभर देखरेख लागते. पॅकेजमध्ये किती लिटर काढणार, शस्त्रक्रिया किती तास चालणार, रात्री तिथे कोण डॉक्टर असणार, हे तुम्हाला कोणी सांगितलेले नाही. माझा सल्ला असा, की आधी स्तनांची शस्त्रक्रिया करा, पूर्ण बऱ्या व्हा आणि निदान सहा महिन्यांनी पोटाचा विचार करा. कदाचित तोपर्यंत पोटाची तक्रार तुम्हाला आजच्याइतकी वाटणारही नाही. अशा रुग्ण मी पाहिल्या आहेत.

धोक्यांच्या संदर्भात आणखी दोन गोष्टी विचारते, कारण स्त्रिया त्या आपणहून सांगत नाहीत. सणावाराला किंवा लग्नकार्यात पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या तुम्ही घेता का? या गोळ्यांनी आणि गर्भनिरोधक गोळ्यांनीही गुठळीचा धोका वाढू शकतो, म्हणून सर्जनना त्यांची कल्पना हवी. आणि घरात कोणी पाहत नसताना मशेरी लावता का? मी हे तिरकसपणे विचारत नाही. मशेरी, तंबाखू, सिगारेट या सगळ्यांतले निकोटिन त्वचेचा रक्तपुरवठा आखडते आणि टाक्यांची कडा काळी पडून सडते. शस्त्रक्रियेआधी निदान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे ती पूर्ण बंद असायला हवी. हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड यांची तपासणी आत्ताच करून घ्या. हिमोग्लोबिन कमी निघाले तर आधी ते भरून काढायचे, बाकीचे सगळे नंतर.

बाराव्या दिवशी कामावर जाण्याची गोष्ट अर्धीमुर्धी खरी आहे. स्तनांच्या शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांनी टेबलावर बसून करायचे काम बहुतेकींना जमते. टमी टकनंतर तीन ते चार आठवडे धरावेत, आणि तेही घरून काम करता येत असेल तर. ऐरोलीला जायचे म्हणजे ठाणे स्थानकापर्यंत बस किंवा रिक्षा, मग ट्रान्स-हार्बरची गाडी, आणि त्या गर्दीत कोणाचे कोपर कुठे लागेल याची खात्री समुपदेशक बाई देऊ शकत नाहीत. टमी टकनंतरचा पहिला आठवडा कसा असतो हे तुम्हाला सांगितले गेले आहे, असे मला वाटत नाही, म्हणून सांगते. पाठीखाली दोन-तीन उशा आणि गुडघ्यांखाली एक उशी घेऊन, आरामखुर्चीत टेकल्यासारखे झोपावे लागते; उताणे सरळ झोपले तर टाके ओढतात. चालताना काही दिवस म्हातारीसारखे वाकावे लागते. ओटीपोटातून एक किंवा दोन नळ्या बाहेर आलेल्या असतात, त्यांच्या डब्यात साचणारे पाणी रोज मोजून वहीत लिहायचे आणि दिवसाचे ३० मिलिलिटरच्या खाली आले की सर्जन त्या काढतात. खाली बसायची भारतीय पद्धतीची मोरी-संडास असेल तर कमोडची सोय आधी करून ठेवा. भरलेली बादली, पाच लिटरचा कुकर, मुलाचे दप्तर यांना सहा आठवडे हात लावायचा नाही, आणि तितकेच दिवस अंगाला घट्ट बसणारा पट्टा वापरायचा. मे महिन्यातल्या उकाड्यात हा पट्टा नको नको होतो. म्हणून जमल्यास नोव्हेंबर ते जानेवारी हे दिवस धरावेत. रुग्णालयातून घरी येताना गाडीत पोटावर उशी धरून बसा, घोडबंदर रस्त्यावरच्या खड्ड्यांचा अंदाज तुम्हाला माझ्याहून जास्त आहे.

बिछान्यात पडून राहणे मात्र चुकीचे आहे. पहिल्याच संध्याकाळी आधार घेऊन चार पावले चालावे, पोटऱ्या हलवत राहाव्यात, आणि रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने लिहून दिली असतील तर ती एकही चुकवू नये. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, अचानक धाप लागली, छातीत कळ आली, तर सर्जनच्या फोनची वाट न पाहता जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. ताप येणे, एका बाजूला झपाट्याने सूज वाढणे, टाक्यांतून दुर्गंधीयुक्त स्राव येणे, यांसाठी त्याच दिवशी सर्जनना दाखवावे.

म्हणजे डिसेंबरच्या लग्नाआधी हे उरकण्याचा विचार सोडा. लग्नात नेसायच्या साडीसाठी शस्त्रक्रिया करणे आणि मग त्याच लग्नात नळ्या आणि पट्टा सांभाळत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसणे, हे मी पाहिलेले आहे. सध्या नीट मापाचे, रुंद पट्ट्यांचे अंतर्वस्त्र घ्या, स्तनांखालची घडी दिवसातून दोनदा कोरडी करून तिथे मऊ सुती कापड ठेवा, आणि चट्टे असतील तर त्वचारोगतज्ज्ञांकडून मलम घ्या; औषधाच्या दुकानातून स्टिरॉइड मिसळलेले मलम आणून लावू नका, त्याने ते दबतात आणि दुप्पट जोराने परत येतात. या सगळ्या उपचारांच्या नोंदी जपून ठेवा, त्यांचा पुढे उपयोग आहे.

तो उपयोग असा. मेडिक्लेमच्या पॉलिसींमध्ये विमा नियामकाने ठरवून दिलेल्या वगळणुकींची यादी असते, आणि तिच्यात केवळ रूप बदलण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया येते. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, आणि आरोग्याला असलेला थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी डॉक्टरांनी आवश्यक म्हणून प्रमाणित केलेला उपचार, यांना मुभा आहे. ही भाषा कडक आहे आणि मानदुखी तिच्यात बसवून घेणे सोपे नाही. तरीही मानेसाठी अस्थिरोगतज्ज्ञांकडचे उपचार, चट्ट्यांवरची औषधे आणि सर्जनचे पत्र जोडून स्तनांच्या शस्त्रक्रियेसाठी आधीच लेखी विचारणा करून पाहा. टमी टकसाठी पैसे मिळतील असे धरून चालू नका. खरा हर्निया निघाला तर त्याचा खर्च वेगळा दाखवता येतो, पण हर्नियाच्या नावावर टमी टक दाखवून देतो असे कोणी म्हणाले तर तिथून उठून या. दावा पकडला गेला तर पॉलिसी तुमच्या यजमानांची आहे. वैद्यकीय सेवेला जीएसटी माफ असला तरी सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला ती माफी नाही, म्हणून सांगितलेला आकडा करासह आहे की कराशिवाय, हे लेखी घ्या. खर्च पेलत नसेल तर मुंबईत शीव, केईएम, नायर आणि जेजे या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. तिथे थांबावे लागते, पण जड स्तनांच्या त्रासाला तिथे तक्रार म्हणूनच ऐकून घेतले जाते.

सर्जन कसे निवडावेत, हे तुम्ही विचारले नाही, पण त्याविना बाकीचे व्यर्थ आहे. नावापुढे प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी असावी आणि ती महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत दाखवलेली असावी; ‘कॉस्मेटिक तज्ज्ञ’ या पाटीला स्वतःचा असा काही अर्थ नाही. शस्त्रक्रिया जिथे होणार ती जागा महापालिकेकडे नोंदलेले रुग्णालय आहे की दुकानाच्या गाळ्यातले क्लिनिक, पूर्णवेळ भूलतज्ज्ञ कोण, रात्री बिघडले तर अतिदक्षता विभाग कुठे, हे विचारताना संकोच करू नका. नंतर तुमची कागदपत्रे मागितलीत तर मागणीपासून ७२ तासांत ती देणे डॉक्टरांना बंधनकारक आहे. आधीचे आणि नंतरचे फोटो पाहताना एक गंमत पाहा: आधीच्या फोटोत बाई खांदे पाडून, डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात उभी असते, आणि नंतरच्या फोटोत ताठ उभी, समोरून मऊ उजेड. खांदे ताठ केल्याने निम्मा फरक मोफत पडतो.

तुमच्या बहिणीविषयी थोडक्यात. सिलिकॉन इम्प्लांट पहिल्यांदा १९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन येथे बसवले गेले, म्हणजे या वस्तूचा साठ वर्षांहून अधिक अनुभव आहे, आणि तो सगळाच गोड नाही. सुरक्षिततेच्या शंकांमुळे अमेरिकेत १९९२ मध्ये सौंदर्यासाठीचा सिलिकॉनचा वापर थांबवला गेला आणि २००६ मध्ये पुन्हा मोकळा झाला. फ्रान्समधल्या एका उत्पादकाने औद्योगिक दर्जाचे सिलिकॉन भरल्याचे २०१० मध्ये उघड झाले. खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती क्वचित होणारा लिम्फोमा नावाचा कर्करोग लक्षात आल्यावर २०१९ मध्ये अशा काही इम्प्लांट जगभरातून परत मागवल्या गेल्या. बहिणीला तीन गोष्टी कळलेल्या असाव्यात: इम्प्लांट आयुष्यभराची नसते आणि पुढे कधीतरी ती बदलण्याची किंवा काढण्याची शस्त्रक्रिया करावी लागू शकते, भोवती कठीण आवरण धरू शकते, आणि आत फुटली तरी बाहेरून कळेलच असे नाही. म्हणून पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफीने तपासत राहावे लागते. इम्प्लांटच्या खोक्यावरचे लॉट क्रमांकाचे स्टिकर तिने मागून घ्यावे आणि जन्मदाखल्याबरोबर ठेवावे. हे सारे ऐकूनही तिला हवे असेल तर तो तिचा निर्णय आहे, पण मुले व्हायची असतील तर त्यानंतर.

राहिल्या सासूबाई. हर्निया सांगू नका. एक तर त्या वयाच्या बायकांना नात्यातल्या प्रत्येकाच्या हर्नियाची तारीख आणि डॉक्टरचे नाव पाठ असते, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नालाच तुम्ही पकडल्या जाल. दुसरे असे, की दिवसा यजमान कामावर आणि मुले शाळा-कॉलेजात असताना घरात तुमच्याबरोबर त्याच असणार आहेत. पोटरी सुजली किंवा धाप लागली तर ती कशामुळे, हे डॉक्टरांना फोनवर नीट सांगू शकणारे माणूस त्या क्षणी घरात हवे, आणि चुकीच्या ऑपरेशनचे नाव सांगितले गेले तर पलीकडचा डॉक्टर चुकीच्या दिशेने विचार करील. त्यांना मानेची आणि खांद्यांची तक्रार सांगा. रात्री अंतर्वस्त्र काढल्यावर खांद्यांवर उमटलेल्या खाचा एकदा त्यांना दाखवा. त्यांच्या पिढीत हे दुखणे मुकाट सोसलेल्या बायका पुष्कळ होत्या, कदाचित त्यांच्याच घरात. सर्जनच्या पहिल्या भेटीला त्या बरोबर आल्या तर आणखी बरे. परकर त्यांच्याच हाती द्या.